फुलंच नाहीत तर पुढची पिढी येते कुठून? (नेचे, मॉस, सायकड, पाइन वगैरे)

नेचेवेडा:
मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. फुलझाडांचं पराग, मधमाशी, फळ, बी हे सगळ्यांना पाठ असतं, पण मॉस किंवा नेच्यांचं (म्हणजे फर्नचं) काय चालतं विचारलं की 'बीजाणूंपासून' एवढं एकच उत्तर येतं आणि विषय संपतो. मला वाटतं खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

बीजाणू म्हणजे बारीक बी नव्हे. बीमध्ये तयार गर्भ असतो, त्याची शिदोरी असते. बीजाणू ही नुसती एक पेशी, आणि तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच. नेच्याचा बीजाणू ओल्या जागी रुजला तर त्यातून नेचा येतच नाही. येतं ते नखापेक्षाही लहान, पातळ, हिरवं, बदामी आकाराचं काहीतरी, ज्याला ना खोड ना खरी मुळं. हा गॅमेटोफाइट. स्वतंत्र झाड आहे ते, स्वतःचं अन्न स्वतः बनवतं. त्याच्या खालच्या अंगाला अंडपेशी आणि शुक्राणू तयार होतात, शुक्राणू स्प्रिंगसारखे पिळाचे आणि पुष्कळ शेपट्यांचे, आणि ते पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत अंडपेशीपर्यंत जातात. दोघं एकत्र आले, गुणसूत्रांचे दोन संच झाले, की मग त्यातून आपण ज्याला नेचा म्हणतो ते झाड वर येतं, म्हणजे स्पोरोफाइट. त्याच्या पानाखाली पुन्हा बीजाणू. म्हणजे नेच्याच्या पोटी नेचा येत नाही, नेचा येतो तो नातवंडाच्या पिढीत.

मॉसमध्ये याच्या बरोबर उलटं. आपल्याला दिसते ती हिरवी गादी एका संचाची पिढी, आणि तिच्यावर उभी राहणारी बारीक दांडी आणि टोकावरची कुपी ही दोन संचांची. ती आयुष्यभर आईच्याच अंगावर उभी असते आणि बऱ्याच अंशी तिच्याच जिवावर जगते.

माझं म्हणणं असं की जमिनीवरच्या वनस्पतींची उत्क्रांती समजून घ्यायची असेल तर या दोन पिढ्यांतली कुठली मोठी झाली आणि कुठली आक्रसली तेवढं बघत जावं. यातली एकही पिढी कधी नाहीशी झालेली नाही, पाइनमध्येही नाही आणि फुलझाडांतही नाही. तुम्हाला काय माहिती आहे, काय पाहिलंय, लिहा.

खडूफळा:
छान विषय. शिकवताना मी नेहमी बघतो, मुलं आकृती बाण-बिण काढून पाठ करतात पण ही दोन वेगळी झाडं आहेत हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही.

एक भर घालतो. हे दोन पिढ्यांचं चक्र मॉसपासून शंकुधारी झाडांपर्यंत एकच आहे हे विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन माणसाने १८५१ मध्ये दाखवलं. विद्यापीठाची पदवी नव्हती, घरचा धंदा संगीताची पुस्तकं छापण्याचा, नजर फार अधू, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न पेशी बघून त्याने मॉस, नेचे, अश्वपुच्छ (हॉर्सटेल, ही पण बीजाणूवाली वनस्पती) आणि पाइनसारखी झाडं या सगळ्यांची आयुष्यं एका धाग्यात ओवली. डार्विनचं मोठं पुस्तक यायला अजून ८ वर्षं होती. 'या सगळ्यांचा पूर्वज एक असावा' हे वाक्य लिहिलं जाण्याआधी त्याचा पुरावा असा तयार होऊन बसला होता. होफमाइस्टरचं नाव आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुतूहल:
नेचेवेडा, एक मूलभूत शंका. दोन पिढ्यांचा एवढा व्याप मुळात कशासाठी? प्राण्यांसारखं सरळ का नाही, दोन संचांचं शरीर, त्यातून शुक्राणू आणि अंडं, झालं.

नेचेवेडा:
कुतूहल, शंका अगदी मुळाची आहे आणि यावर शंभर वर्षांपेक्षा जास्त वाद झालाय.

आधी पाण्यातलं बघा. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वात जवळचे नातेवाईक म्हणजे गोड्या पाण्यातली काही हिरवी शैवालं. त्यांच्यात सगळं शरीर एका संचाचं असतं. शुक्राणू-अंडं मिळून जी पेशी होते तेवढीच काय ती दोन संचांची, आणि ती वाढत बसत नाही, लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन परत एक संच. म्हणजे दोन संचांचं शरीर असं त्यांच्याकडे नाहीच.

आता असा जीव जमिनीवर आला तर अडचण ही की शुक्राणूला पोहायला पाणी लागणार, आणि पाणी असेल तेव्हाच मीलन होणार. म्हणजे मीलनाची संधी कमी. मग ज्या एका मीलनातून चारच बीजाणू मिळत होते त्यातून हजारो मिळाले तर फायदा कोणाचा? ज्याने ती दोन संचांची पेशी लगेच न विभागता आधी वाढवली, पेशींचा गोळा केला आणि मग त्यातल्या प्रत्येक पेशीपासून बीजाणू केले त्याचा. स्पोरोफाइट असा मधेच घुसडला गेला, असं एका बाजूचं म्हणणं, आणि मला ते पटतं. दुसरी बाजू म्हणायची की दोन्ही पिढ्या आधीपासून सारख्याच होत्या आणि नंतर वेगळ्या झाल्या.

जनुकांचा पुरावाही आता आहे. मॉसमध्ये एका गटातली जनुकं, केनॉक्स-२ म्हणतात त्यांना, ती बंद केली तर दोन संचांच्या पेशींतून कुपीऐवजी गॅमेटोफाइटसारखं हिरवं शरीर उगवायला लागतं. हे २०१३ चं काम. म्हणजे स्पोरोफाइट हा वेगळा कार्यक्रम आहे आणि जुना कार्यक्रम दाबून ठेवल्याशिवाय तो चालत नाही. त्याच घराण्यातलं जनुक एकपेशीय हिरव्या शैवालातही सापडतं, तिथेही ते मीलनानंतरच जागं होतं.

अश्मक:
नेचेवेडा, मी जीवाश्मांच्या बाजूने बोलतो, आणि तिथे चित्र तुम्ही म्हणताय तेवढं एकतर्फी नाही.

जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वात जुने पुरावे म्हणजे बीजाणूच, साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. झाड सापडत नाही, बीजाणू सापडतात, कारण त्यांचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि तो पदार्थ इतका चिवट की आम्लात खडक विरघळला तरी बीजाणू शाबूत राहतो. मग स्कॉटलंडमधलं ऱ्हायनी गाव, तिथल्या गारगोटीसारख्या दगडात ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची अख्खी दलदल गरम झऱ्याच्या पाण्यातल्या सिलिकाने पेशींसकट गोठवून ठेवलीय. १९१२ मध्ये विल्यम मॅकी या डॉक्टरांना ते दगड मिळाले. त्यात स्पोरोफाइट तर आहेतच, पण पुढे गॅमेटोफाइटही सापडले, आणि ते आजच्या नेच्यांसारखे जमिनीला चिकटलेले चपटे पापुद्रे नाहीत, उभ्या दांड्यांचे आहेत, आत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही आहेत. त्या काळच्या निदान काही वनस्पतींत दोन्ही पिढ्या बऱ्यापैकी तोलामोलाच्या होत्या असं दिसतं. म्हणजे स्पोरोफाइट नंतर घुसला हे मान्य केलं तरी तो लगेच वरचढ झाला असं नाही.

नेचेवेडा:
अश्मक, हो, ऱ्हायनीचा मुद्दा वजनदार आहे. मी त्याचा अर्थ असा लावतो की आधी स्पोरोफाइट आला, वाढत वाढत गॅमेटोफाइटच्या बरोबरीला आला, आणि तिथून दोन फाटे फुटले, एका फाट्यात मॉसची मंडळी आणि दुसऱ्यात नेचे आणि पुढचे. पण त्या ४७ ते ४१ कोटींच्या मधल्या काळातली शरीरं फार कमी मिळालीत हे खरंच.

तर्कट:
वाचतोय, माहिती चांगली आहे. पण एक स्पष्ट बोलू का? हे सगळे उत्क्रांतीत मागे राहिलेले जीव आहेत. फुलझाडं तीन लाखांच्या आसपास जाती आणि नेचे दहा-साडेदहा हजार, मॉस बारा हजारांच्या घरात, बिनफुलांची बी धरणारी झाडं हजारभर. निकाल लागलेला आहे. पाण्यावर अवलंबून राहणं ही अप्रगत व्यवस्था, ती ओलांडली त्यांनी जग जिंकलं.

पानपसारा:
तर्कट, 'मागे राहिलेले' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे, कारण पुरावा उलट्या दिशेचा आहे.

आजच्या नेच्यांच्या बहुसंख्य जाती ज्या गटांतल्या आहेत ते गट फुलझाडं पसरल्यानंतर फोफावले. उंच झाडांची दाट सावली तयार झाली, खोडांवर फांद्यांवर राहायला जागा झाली आणि नेच्यांनी ती घेतली. मंद प्रकाशात वाढायला त्यांच्याकडे निओक्रोम म्हणून एक रंगद्रव्य-प्रथिन आहे जे लाल आणि निळा दोन्ही प्रकाश ओळखतं, आणि २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला की त्याचं जनुक नेच्यांकडे हॉर्नवर्ट या मॉसच्या भाऊबंदांकडून आलं, वारशाने नव्हे, आडव्या मार्गाने, एका जातीतून सरळ दुसऱ्या जातीत. हे थांबलेल्या जीवाचं लक्षण आहे का?

लिव्हरवर्ट हे मॉसचे दुसरे भाऊबंद, त्यांना रंध्रं नाहीत म्हणून त्यांना सगळ्यात आद्य मानायचे. आता जनुकं सांगतात की मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट हे तिघं एकाच कुळातले आहेत आणि लिव्हरवर्टनी रंध्रं गमावलीत. सायलोटम या वनस्पतीला मुळं नाहीत धड पानं नाहीत म्हणून तो ऱ्हायनीच्या काळातला उरलेला जीव समजायचे, तोही नेच्यांच्या कुळातलाच निघाला. साधं दिसतं ते जुनंच असतं असं नाही, कित्येकदा ते नंतर साधं झालेलं असतं.

अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरांत तर एक नेचा आहे, व्हिटारिया अपालाचियाना, त्याने स्पोरोफाइटची पिढीच सोडून दिलीय, पूर्ण वाढलेला नेचा कुणालाच मिळालेला नाही. नुसते गॅमेटोफाइट, कपारींमध्ये, स्वतःचे तुकडे पाडून पसरतात.

नेचेवेडा:
पानपसारा, सुंदर उदाहरण, आणि यामुळे धाग्याच्या सुरुवातीला मी लिहिलेलं 'एकही पिढी नाहीशी झालेली नाही' हे मोठ्या गटांपुरतं वाचावं, एखाद्या जातीत ती अशी गळू शकते.

सूक्ष्मदर्शी:
मी थोडं यंत्रांबद्दल लिहितो, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. नेच्याच्या पानाखाली तपकिरी ठिपके असतात ना, त्या प्रत्येक ठिपक्यात बीजाणूंच्या कुप्यांचा पुंजका. प्रत्येक कुपीच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक रांग जाते, वलय. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडायला लागतं, पाणी कमी होतं तशा पेशींच्या पातळ भिंती आत खेचल्या जातात आणि सगळी रांग मागे वाकते, कुपी फाटून उघडते, बीजाणू घेऊन मागे जाते. पाण्याचा ताण वाढत वाढत शेवटी सहन होत नाही, पेशींत एकदम बुडबुडे फुटतात आणि ताण सुटतो, की रांग गलोलीसारखी झटक्यात पुढे येते. बीजाणू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने सुटतात. स्नायू नाही, मज्जातंतू नाही, नुसतं पाणी सुकण्यावर चाललेलं. आणि वेळही बरोबर साधली जाते, कोरडी हवा असतानाच बीजाणू उडतात.

अश्वपुच्छाचे बीजाणू याहून वेगळे, त्यांना चार पट्ट्या असतात, ओल वाढली की गुंडाळतात, सुकली की पसरतात, आणि त्या उघडझापीत बीजाणू सरकतो, कधी उडीही मारतो. स्फॅग्नम मॉसची कुपी सुकता सुकता अरुंद होत जाते आणि झाकण उडतं तेव्हा बीजाणू हवेच्या फिरत्या वलयातून वर जातात. एकटा कण इतका हलका की फेकला तरी लगेच हवेत अडतो, पण वलयाबरोबर गेला तर दहा सेंटिमीटरच्या वर पोचतो, आणि जमिनीलगतच्या स्थिर हवेतून बाहेर पडून वाऱ्यात शिरायला तेवढं पुरतं.

कुतूहल:
भारीच. पण मग बीजाणू लांब गेला आणि एकटाच रुजला तर? त्याच गॅमेटोफाइटवर अंडं पण आणि शुक्राणू पण, म्हणजे स्वतःचं स्वतःशीच मीलन?

सूक्ष्मदर्शी:
होऊ शकतं, आणि त्यातून होणाऱ्या नेच्यात दोन्ही संच तंतोतंत सारखे, कारण अंडं आणि शुक्राणू दोन्ही एकाच एकसंची शरीरातून आलेले. फुलझाडातल्या स्वपरागणापेक्षाही हे टोकाचं. एकट्याने नवीन जागा धरायला उपयोगी, पण एखादा घातक दोष लपलेला असेल तर लगेच उघडा पडतो.

म्हणून बऱ्याच नेच्यांत एक व्यवस्था आहे. जो गॅमेटोफाइट आधी वाढतो तो एक संप्रेरक बाहेर सोडतो, अँथेरिडिओजेन, आणि आजूबाजूला नंतर रुजणारे ते संप्रेरक लागून नर होतात. म्हणजे पहिल्याच्या अंड्यांना दुसऱ्यांचे शुक्राणू मिळायची शक्यता वाढते. कोणी शेजारी नसेल तर तो आपला उभयलिंगी आहेच.

हिरवीगादी:
मॉसच्या वाट्याला कोणीच येत नाहीये म्हणून लिहिते. 'पाण्यावर अवलंबून' हे तर्कट म्हणाले ते अर्धंच खरं आहे. पॉलिट्रायकम मॉसच्या नर झाडांच्या शेंड्याला उथळ वाटी असते, पावसाचा थेंब पडला की शुक्राणू शिंतोड्यातून उडतात. आणि २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं की नर आणि मादी मॉसमध्ये काही सेंटिमीटर अंतर ठेवलं तरी स्प्रिंगटेल आणि माइट हे चिमुकले प्राणी शुक्राणू घेऊन जातात, त्यांना सोडलं नाही तर मीलन होत नाही. २०१२ मध्ये पुढचं कळलं, सेराटोडॉन मॉसची मादी झाडं नरांपेक्षा वेगळा आणि जास्त विविध वास सोडतात आणि स्प्रिंगटेलना तो आवडतो. फूल नाही, मध नाही, तरी वास देऊन वाहक बोलावणं आहेच. हे वाचलं तेव्हापासून मी मॉसकडे पूर्वीसारखं बघूच शकत नाही.

अश्मक:
आता बीकडे यायला हवं, कारण सगळ्यात मोठी उडी तीच, आणि ती फुलांच्या कितीतरी आधीची आहे.

सुरुवात बीजाणूंचे दोन आकार होण्यापासून. लहान बीजाणूतून नर गॅमेटोफाइट, मोठ्यातून मादी. सिलॅजिनेला या बीजाणूवाल्या वनस्पतीत आजही हे दिसतं, आणि तिथे गॅमेटोफाइट बीजाणूच्या कवचाच्या आतच वाढतो, बाहेर पडून हिरवं होत बसत नाही. पुढची पायरी म्हणजे मोठा बीजाणू खाली टाकायचाच नाही, आईच्या झाडावरच ठेवायचा, भोवती आवरण करायचं, टोकाला एक भोक ठेवायचं. झालं बीजांड. लहान बीजाणू म्हणजे मग परागकण, तो वाऱ्याने थेट बीजांडापाशी येतो. बेल्जियममधला रुनकारिया नावाचा ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा जीवाश्म या वाटेवरचा आहे, आवरण आहे पण पूर्ण मिटलेलं नाही. साडेछत्तीस कोटींच्या सुमारास खऱ्या बिया दिसतात. फुलझाडांचे पराग सापडतात ते साधारण साडेतेरा कोटींपासून. मधली तेवीस कोटी वर्षं बिया होत्या आणि फुलं नव्हती, हे किती जणांना माहीत असतं?

आणि ही वाट एकदाच चोखाळली गेली असंही नाही. कोळशाच्या काळातले लेपिडोडेंड्रॉनचे वृक्ष ३० मीटरच्या वर जायचे, ते बीजाणूवालेच, आजच्या लायकोपोडियमच्या कुळातले. त्यांच्यातल्या काहींनी एकच मोठा बीजाणू पानासारख्या आवरणात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली, जवळजवळ बीच. ते नामशेष झाले, पण कल्पना वेगळ्या कुळात वेगळी सुचली होती. उलट आर्किओप्टेरिस हा नामशेष वृक्ष बघा, खोडाचं लाकूड थेट शंकुधारी झाडांसारखं आणि पानांवर बीजाणू. लाकूड आणि पानं वेगवेगळी सापडायची म्हणून दोन वेगळ्या वनस्पती समजायचे, १९६० मध्ये चार्ल्स बेक यांनी दोन्ही एकत्र जोडलेला नमुना दाखवला तेव्हा कळलं की लाकूड आधी आलं, बी नंतर.

खडूफळा:
आणि बी आल्यावरही शुक्राणूचं पोहणं लगेच सुटलं नाही. गिंको हे बी धरणारं पण फुलं नसलेलं झाड घ्या. वसंतात पराग बीजांडाच्या आत येऊन बसतो, त्याची नळी आतल्या ऊतीत शिरते पण ती फक्त अन्न शोषायला, आणि चार-पाच महिन्यांनी नळीचं परागाकडचं टोक फुटून शुक्राणू बाहेर येतो, शेकडो शेपट्यांचा, आणि बीजांडातल्याच द्रवात पोहून अंडपेशीकडे जातो. १८९६ मध्ये साकुगोरो हिरासे यांनी तोक्योच्या कोइशिकावा बागेतल्या झाडावर हे पाहिलं, ते विद्यापीठात चित्रकार-साहाय्यक होते. त्याच वर्षी इकेनो यांनी सायकडमध्ये, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या बिनफुलांच्या झाडात पाहिलं. सायकडचे शुक्राणू एवढे मोठे की नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारखे दिसू शकतात. बाहेरचं पाणी नको झालं पण झाडाने आतच एक थेंब जपून ठेवला.

पाइनमध्ये मात्र पोहणं संपलं, नळीच शुक्राणू नेऊन पोचवते. पण घाई नाही, परागण आणि मीलन यात साधारण वर्ष जातं. आणि पाइनच्या बीमधला जो गर खातात तो गर्भाच्या भोवतीचा भाग म्हणजे मादी गॅमेटोफाइट, एका संचाची पिढी. नेचेवेडांचा मुद्दा तिथे हातात धरून दाखवता येतो.

तर्कट:
बरं, 'मागे राहिलेले' हा शब्द मी सोडतो, स्प्रिंगटेल आणि निओक्रोम हे माझ्यासाठी नवीन होतं. पण आकड्यांचा प्रश्न उरतोच. फुलझाडं तीन लाख का?

पानपसारा:
एक कारण खडूफळा सरांच्याच पोस्टमध्ये आहे, वेळ. पाइनला वर्ष लागतं तिथे बहुतेक फुलझाडांत परागापासून मीलनापर्यंत काही तास ते काही दिवस. शिवाय बीसाठीचं अन्न मीलन झाल्यावरच भरायचं, आधी नाही, म्हणजे वाया जात नाही. पाइन आधीच भरून बसतो. कीटकांचं मात्र फक्त फुलांच्या खात्यात टाकू नका. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्रोझामिया सायकडचे नर शंकू दुपारी तापतात, उग्र वास सोडतात, आतले थ्रिप्स कीटक तो सहन न होऊन पराग अंगावर घेऊन बाहेर पडतात, आणि तोच वास सौम्य असलेल्या मादी शंकूकडे ओढले जातात. कीटकाला हाकलून कामाला लावणं फुलांशिवाय जमलेलं आहे. माझ्या मते संख्या हा एक निकष झाला, टिकणं हा दुसरा.

तर्कट:
संख्येला मी जास्त वजन देतो, तिथे आपलं जुळणार नाही बहुतेक. पण सायकडचं वाचून मजा आली.

नवीपालवी:
सगळा धागा वाचून काढला. माझ्याकडच्या नेच्याच्या पानाखाली तपकिरी ठिपके आलेत, मी रोग समजून ती पानं कापत होते, आता कापणार नाही. बीजाणूंपासून घरी नेचा वाढवता येतो का?

सूक्ष्मदर्शी:
येतो, फक्त धीर हवा. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर बीजाणूच, रोगाचे डाग किंवा खवले कीड वेड्यावाकड्या जागी असतात, देठावरही असतात. ठिपके गडद झाले पण अजून फुटले नाहीत असं पान कापून पांढऱ्या कागदावर खालची बाजू कागदाकडे करून ठेवा, वारा नको. एक-दोन दिवसांत कागदावर बारीक पूड दिसेल. कागद तिरका करून हलका टिचकवा, कुप्यांचा कचरा आधी घसरतो, खरे बीजाणू कागदाला धरून मागे राहतात. माती उकळतं पाणी ओतून निर्जंतुक करा, गार होऊ द्या, बीजाणू अगदी विरळ भुरभुरा, वर माती टाकू नका कारण बहुतेकांना रुजायला उजेड लागतो, पारदर्शक झाकण लावा आणि थेट ऊन टाळा.

काही आठवड्यांत हिरवा थर येईल, शेवाळ समजून फेकू नका, तेच गॅमेटोफाइट. बदामी आकार स्पष्ट झाले की बरेच जण इथे चुकतात, फक्त खालून ओल देत राहतात आणि महिनोन्महिने पुढे काही होत नाही. वरून उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारा, दर काही दिवसांनी, म्हणजे शुक्राणूंना पोहायला थर मिळतो. त्यानंतर बदामाच्या खाचेतून पहिलं खरं पान वर येतं, ते दिसल्यावर झाकण हळूहळू उघडं ठेवायला लागा.